सेव्ह होत नाही? आधी फोल्डर तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेअर्ड नेटवर्क ड्राइव्हवरची वर्ड किंवा एक्सेलची फाइल सेव्ह होत नाही, अशी तक्रार आली की बहुतेक कार्यालयांत दोनच उपाय चालतात. एक म्हणजे त्या फोल्डरवर 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन मोकळे व्हायचे. दुसरा म्हणजे फाइल आपल्या डेस्कटॉपवर आणायची, तिथे काम करायचे आणि संध्याकाळी ती सर्व्हरवर परत डकवायची. पहिल्या उपायाने एखाद्या संगणकात शिरलेल्या रॅन्समवेअरला (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामला) अख्खा सर्व्हर मोकळा मिळतो. दुसऱ्याने दोघांपैकी एकाचे दिवसभराचे काम दुसऱ्याच्या प्रतीखाली गाडले जाते. 'रिप्लेस'वर एक क्लिक पुरते. तक्रार मात्र दोन्हींनी थांबते, त्यामुळे मूळ दोष शोधायला कोणी जात नाही. तो शोधणे फारसे अवघड नाही. फक्त सेव्हचे बटण दाबल्यावर नेमके काय घडते, ते आधी ठाऊक हवे.

सर्वसाधारण समज असा, की सेव्ह करणे म्हणजे उघड्या फाइलमध्ये नवा मजकूर लिहिणे. नोटपॅड तसेच करते. वर्ड आणि एक्सेल तसे करत नाहीत. एक्सेल त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाइल तयार करते. तिचे नाव आठ अक्षर-अंकांचे आणि अर्थहीन असते, एक्स्टेन्शन नसते. सगळे वर्कबुक तिच्यात लिहून झाले की जुनी फाइल पुसली जाते आणि तात्पुरतीला जुनीचे नाव दिले जाते. वर्ड '~डब्ल्यूआरडी'ने सुरू होणारी '.टीएमपी' फाइल बनवते, त्यात मजकूर लिहिते, जुनीचे नाव बदलून '~डब्ल्यूआरएल'ने सुरू होणारे काहीतरी ठेवते, नवीला खरे नाव देते आणि शेवटी जुनी काढून टाकते. यामागचा हेतू चांगला आहे. लिहिता लिहिता वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते. पण त्यामुळे एका सेव्हमागे चार कामे येतात: नवी फाइल बनवणे, तिच्यात लिहिणे, नाव बदलणे आणि जुनी पुसणे. चारांतले एकही अडले की सेव्ह अडते. मग पडद्यावर 'डॉक्युमेंट नॉट सेव्ह्ड', 'शेअरिंग व्हायोलेशन' किंवा 'फाइल परमिशन एरर' यांपैकी काहीतरी उमटते. संदेश फाइलविषयी बोलतो आणि दोष बहुतेक वेळा फोल्डरमध्ये असतो. तक्रारीचा निम्मा गोंधळ इथेच आहे.

म्हणून पहिली चाचणी ऑफिस बाजूला ठेवूनच करावी. ज्याची फाइल सेव्ह होत नाही, त्याच्याच लॉगिनने फाइल एक्सप्लोररमधून तो फोल्डर उघडावा. राइट क्लिक करून एक टेक्स्ट फाइल बनवावी, तिच्यात एक ओळ लिहून सेव्ह करावी, तिचे नाव बदलावे आणि ती पुसावी. त्यानंतर 'व्ह्यू'मधून एक्स्टेन्शन दिसण्याची सोय चालू करून हेच सगळे '.टीएमपी' एक्स्टेन्शनच्या फाइलवर, '~'ने सुरू होणाऱ्या नावावर आणि एक्स्टेन्शन नसलेल्या आठ अक्षरी नावावर करून पाहावे. साध्या टेक्स्ट फाइलपाशीच अडले तर परवानग्यांचा प्रश्न आहे. टेक्स्ट फाइल चालली पण '.टीएमपी' अडली, तर सर्व्हरवर कोणीतरी नावांची गाळणी लावलेली आहे. सगळे पार पडले आणि तरीही वर्ड तक्रार करते, तर लॉक (एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याला बदलू न देणारे कुलूप), अँटिव्हायरस, नावाची लांबी किंवा एखादे अॅड-इन (ऑफिसला जोडलेला पूरक प्रोग्राम) यांच्याकडे वळावे. अॅड-इनचा संशय फेडायला कंट्रोल की दाबून धरत वर्ड किंवा एक्सेल सुरू करावे. ते सेफ मोडमध्ये उघडते. तिथे सेव्ह झाले, तर अॅड-इन एकेक करून बंद करत जावे. चाचणी प्रशासकाच्या लॉगिनने करून 'आमच्याकडे तर होते' असे उत्तर देण्याला काही अर्थ नाही.

परवानग्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण सर्वाधिक घोटाळा तिथेच होतो. विंडोज सर्व्हरवर परवानग्यांचे दोन थर असतात. 'शेअरिंग' टॅबमधल्या परवानग्या नेटवर्कवरून येणाऱ्यांना लागू होतात आणि 'सिक्युरिटी' टॅबमधल्या सगळ्यांनाच. दोन्हींपैकी जी अधिक कडक असेल ती चालते. 'अॅडव्हान्स्ड शेअरिंग'मधून नवा शेअर बनवला की त्यावर 'एव्हरीवन'ला फक्त 'रीड' मिळते. मग 'सिक्युरिटी'त 'मॉडिफाय' देऊनही सेव्ह होत नाही आणि प्रशासक चक्रावतो. व्यवहारात सुटसुटीत ठरणारी मांडणी अशी: शेअरच्या थरावर संबंधित गटाला 'चेंज', आणि सिक्युरिटीच्या थरावर त्याच गटाला 'मॉडिफाय'. 'फुल कंट्रोल'ची गरज कोणत्याही सामान्य वापरकर्त्याला नसते. 'मॉडिफाय'पेक्षा त्यात परवानग्या बदलण्याचा आणि मालकी घेण्याचा अधिकार जास्तीचा येतो, आणि पत्र टाइप करण्यासाठी यातले काहीच लागत नाही.

दुसरा घोटाळा चांगल्या हेतूने होतो. कर्मचाऱ्यांनी फाइली पुसू नयेत म्हणून 'डिलीट'चा अधिकार काढला जातो आणि 'राइट' ठेवला जातो. कागदावर हे शहाणपणाचे दिसते. प्रत्यक्षात त्या फोल्डरमध्ये वर्ड-एक्सेल अपंग होतात, कारण पुसणे आणि नाव बदलणे हा त्यांच्या सेव्हचाच भाग आहे. एक्सेलच्या बाबतीत याची खूण अगदी स्पष्ट असते: फोल्डरमध्ये आठ अक्षरी बिनएक्स्टेन्शनच्या फाइलींचा खच पडतो. प्रत्येक फसलेल्या सेव्हमागे एक. डिलीटचा अधिकार काढून घेऊन ऑफिसची फाइल संपादित करू देणे, हे व्यवहारात जमत नाही. पुसण्याची भीती असेल तर सर्व्हरवर शॅडो कॉपी (ठरावीक वेळी आपोआप घेतलेल्या जुन्या प्रती) चालू कराव्यात, म्हणजे राइट क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मधून जुनी प्रत मिळते. अंतिम झालेली कागदपत्रे तर फक्त 'रीड' असलेल्या वेगळ्या फोल्डरमध्येच हलवावीत. हलवताना मात्र एक लक्षात ठेवावे. त्याच डिस्कवर 'मूव्ह' केलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाते, तर 'कॉपी' केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते.

एकेका फाइलवर वेगळी परवानगी देण्याचा मोह तर आवर्जून टाळावा. सेव्हनंतर त्या नावाची फाइल मुळात नवी असते, त्यामुळे आधी दिलेली खास परवानगी टिकेलच असे नाही. सकाळी दिलेली परवानगी दुपारी गायब, हा चमत्कार असा घडतो. परवानगी फोल्डरवर द्यावी आणि व्यक्तीला न देता गटाला द्यावी. गटात नव्याने घातलेल्या माणसाला साइन आउट करून पुन्हा साइन इन करायला सांगावे, कारण गटांची यादी साइन इनच्या वेळीच तयार होते. हे न सांगितल्यामुळे बरोबर केलेला बदल चुकीचा समजून पुन्हा उलटवला जातो. नेमके कोणाला काय करता येते ते पाहायला सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड, 'इफेक्टिव्ह अॅक्सेस' या मार्गाने जावे आणि तिथे वापरकर्त्याचे नाव घालावे. उत्तरात लाल फुल्या कुठे आहेत ते लगेच दिसते.

सर्व्हर लिनक्सवर असेल, किंवा कार्यालयात छोटा नास, म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी, असेल (त्यांपैकी बरेचसे आतून लिनक्स आणि त्यावरून विंडोजला फाइली पुरवणारा सांबा हा प्रोग्रामच असतात), तर आणखी एक जागा तपासावी. फोल्डरवर स्टिकी बिट (दुसऱ्याची फाइल पुसू न देणारी खूण) लावलेला असला की फाइल पुसण्याचा वा तिचे नाव बदलण्याचा अधिकार फाइलच्या, फोल्डरच्या मालकाकडे आणि रूटकडेच (मुख्य प्रशासकाकडेच) उरतो. परिणाम असा की ज्याने फाइल बनवली त्याची सेव्ह होते, दुसऱ्याची होत नाही, आणि दोघांच्या परवानग्या यादीत तर सारख्याच दिसतात. सामाईक फोल्डरसाठी २७७० हा मोड (परवानग्यांचा आकडा) आणि सांबात फाइलींसाठी ०६६० हा 'क्रिएट मास्क' (नव्या फाइलींच्या परवानग्यांची मर्यादा) ठेवला की गटातल्या सगळ्यांचे काम चालते. २७७० मधला पहिला २ महत्त्वाचा आहे. त्यामुळे नवी फाइल बनवणाऱ्याच्या स्वतःच्या गटात न जाता फोल्डरच्या गटात जाते.

आता लॉक. फाइल उघडली की ऑफिस शेजारी '~$'ने सुरू होणारी एक छोटी छुपी फाइल ठेवते. वर्डची १६२ बाइटांची, एक्सेलची १६५. तिच्यात उघडणाऱ्याचे नाव असते आणि 'लॉक्ड फॉर एडिटिंग बाय' या ओळीत तेच नाव दिसते. हे नाव लॉगिनचे असेलच असे नाही. ते ऑफिसच्या फाइल, ऑप्शन्स, जनरलमधल्या 'यूजर नेम'वरून येते. सगळ्या संगणकांवर ऑफिस एकाच तयार नकलेवरून ('इमेज'वरून) बसवले असेल तर प्रत्येकाचे नाव 'यूजर' किंवा 'अॅडमिन' असते आणि फाइल कोणी धरली आहे हे शोधत सगळ्या टेबलांवर फिरावे लागते. प्रत्येकाचे खरे नाव तिथे एकदा भरून टाकणे हा आमच्या मते सगळ्यात स्वस्त उपाय आहे. तरी तो क्वचितच केला जातो.

वर्ड बंद पडले किंवा नेटवर्क तुटले तर ही छोटी फाइल मागे राहते आणि कोणीही उघडलेली नसताना फाइल कुलूपबंद दिसते. एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' दाखवायला सांगून ती शोधावी. वर्ड लांब नावांतली पहिली दोन अक्षरे कापून '~$' लावते. देवनागरीत काना-मात्राही वेगळे अक्षर म्हणून मोजले जात असल्याने 'वार्षिक अहवाल'ची लॉक-फाइल '~$र्षिक अहवाल' अशी विचित्र दिसते. ती वाचून बिचकू नये. एक्सेल मात्र पूर्ण नावापुढेच '~$' जोडते. लिब्रेऑफिसची अशी फाइल '.~लॉक.'ने सुरू होते आणि '#'ने संपते. लॉक-फाइल पुसण्यापूर्वी मूळ फाइल खरोखर कोणाकडे उघडी नाही ना, हे बघावेच लागते. प्रत्येक संगणकावर टास्क मॅनेजर उघडून, खिडकी नसलेले पण चालू असलेले वर्ड-एक्सेल दिसले तर ते बंद करावे. '~$' फाइल पुसली जात नसेल, तर ती अजून कोणाच्या तरी ताब्यात आहे असे समजावे.

खरे लॉक सर्व्हरवर दिसतात: कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाइल्स. इथे फाइलसमोर वापरकर्त्याचे लॉगिन नाव असते. त्या ओळीवर राइट क्लिक करून 'क्लोज ओपन फाइल' म्हणता येते, पण समोरच्याने सेव्ह न केलेला मजकूर त्याने धोक्यात येतो. आधी त्याला फोन करावा. कधी कधी लॉक करणाऱ्याच्या जागी तक्रार करणाऱ्याचे स्वतःचेच नाव दिसते. लॅपटॉप झोपला, वाय-फाय बदलले, व्हीपीएन (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित दुवा) तुटले की सर्व्हरच्या लेखी जुनी जोडणी काही काळ जिवंत राहते, आणि नव्या जोडणीने आलेला तोच माणूस त्याला परका वाटतो. काही मिनिटे थांबल्यावर हे सहसा सुटते. न सुटले तर वरच्याच यादीतून जुनी ओळ बंद करावी.

लॉक धरणारे नेहमी माणूसच असते असे नाही. एक्सप्लोररमधले प्रीव्ह्यू पेन उघडे असेल तर नुसती फाइल निवडल्यानेही ती वाचण्यासाठी उघडली जाते, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्याचे नाव बदलण्याचे काम फसू शकते. ऑल्ट आणि पी दाबून ते बंद होते. शेअर्ड फोल्डरवर काम करणाऱ्यांनी ते बंदच ठेवावे. अँटिव्हायरस तर ठरलेला संशयित. तात्पुरती फाइल जन्मली की तो ती तपासायला उघडतो, नेमक्या त्याच क्षणी एक्सेल तिचे नाव बदलू पाहते, आणि 'शेअरिंग व्हायोलेशन' येते. दोष अधूनमधून येतो, मोठ्या फाइलवर जास्त येतो, आणि पुन्हा सेव्ह केले की होऊन जाते, ही त्याची लक्षणे. त्यावर अँटिव्हायरस काढून टाकणे किंवा सगळ्या '.टीएमपी' फाइली तपासणीतून वगळणे हा उपाय नव्हे. सर्व्हरवर स्वतःचा अँटिव्हायरस चालू आहे याची खात्री करावी आणि मगच कर्मचाऱ्यांच्या संगणकांवरची 'नेटवर्क फाइली तपासा' ही सोय बंद करावी. एकच फाइल दोन ठिकाणी तपासण्यात सुरक्षेची भर थोडी आणि अडथळे फार.

नावांच्या गाळणीचा उल्लेख वर आला आहे. विंडोज सर्व्हरच्या फाइल सर्व्हर रिसोर्स मॅनेजरमध्ये ठरावीक एक्स्टेन्शनच्या फाइली अडवण्याची सोय असते. रॅन्समवेअर रोखण्यासाठी म्हणून तिच्यात लांबलचक याद्या भरल्या जातात, आणि त्यातला एखादा ढिला नमुना ऑफिसच्या तात्पुरत्या नावाशी जुळतो. कोटाही, म्हणजे जागेची ठरवून दिलेली मर्यादाही, तिथेच असते. सेव्हच्या क्षणी जुनी आणि नवी अशा दोन्ही फाइली फोल्डरमध्ये असतात, म्हणून ४० एमबीच्या फाइलला आणखी ४० एमबी मोकळी जागा लागते. नासवर नेटवर्क रिसायकल बिन चालू असेल तर प्रत्येक सेव्हमध्ये पुसलेली जुनी फाइल त्यात जाऊन पडते. दिवसभर कंट्रोल-एस दाबणाऱ्याच्या एका फाइलच्या शंभर प्रती तिथे साठू शकतात आणि ती जागा कोट्यात धरली जात असेल, तर 'डिस्क फुल' दिसते. रिसायकल बिनच्या सेटिंगमध्ये '~' आणि '.टीएमपी' नावे वगळावीत आणि ठरावीक दिवसांनी तो रिकामा होईल असे बघावे.

नावाच्या लांबीचा मुद्दा मराठीत नावे देणाऱ्यांना जास्त जाचतो, आणि इंग्रजी मार्गदर्शनात तो सापडत नाही. विंडोजमध्ये पूर्ण पाथची (फाइलच्या संपूर्ण पत्त्याची) जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे. एक्सेलची त्याहून कमी, २१८. यात सर्व्हरचे नाव, सगळे उपफोल्डर, फाइलचे नाव आणि एक्स्टेन्शन सगळे धरले जाते. 'वार्षिक' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण संगणक व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी आणि क अशी ७ अक्षरे मोजतो. 'कार्यालयीन पत्रव्यवहार', त्यात 'आवक', त्यात महिना, त्यात विषय अशी फोल्डरांची उतरंड रचली की मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. लिनक्सवरच्या बहुतेक फाइल सिस्टिमांत एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर ३ बाइट खाते, म्हणजे काना-मात्रांसह जेमतेम ८५. कूटबद्ध केलेल्या काही नास-फोल्डरांत ही मर्यादा १४३ बाइटांवर येते, म्हणजे ४७ अक्षरे. हीच फाइल एकाच्या संगणकावर सेव्ह होते आणि दुसऱ्याच्या होत नाही याचेही कारण इथे असू शकते: एकाने खोल फोल्डरलाच ड्राइव्हचे अक्षर दिलेले असते, दुसरा सर्व्हरच्या नावापासून पूर्ण पाथने जातो. नावात प्रश्नचिन्ह, तारका, विसर्गचिन्ह म्हणून टाइप केलेला कोलन किंवा तिरपी रेघ चालत नाही. तारखा १२/०४ अशा न लिहिता १२-०४ अशा लिहाव्यात. एक्सेलच्या फाइलनावात चौकोनी कंसही नकोत. पिव्हट टेबल त्यावर अडते.

नेटवर्कचे दोष तुलनेने लवकर ओळखू येतात. मॅप केलेल्या, म्हणजे सर्व्हरच्या फोल्डरला अक्षर देऊन जोडलेल्या, ड्राइव्हवरची लाल फुली हा बऱ्याचदा दोष नसतोच. निष्क्रिय जोडणी १५ मिनिटांनी सोडण्याची विंडोज सर्व्हरची मूळ रीत आहे आणि ड्राइव्हवर क्लिक केले की ती परत जुळते. प्रोग्राम 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडला असेल तर त्याला मॅप केलेली ड्राइव्ह सहसा दिसतच नाही, तेव्हा तो साधाच उघडावा. पासवर्ड बदलल्यानंतर सुरू झालेल्या तक्रारीत क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोजने साठवलेल्या पासवर्डांच्या यादीतली) जुनी नोंद काढावी. एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या लॉगिनने जोडायला गेल्यास १२१९ ही त्रुटी येते. नेटवर्क कार्ड वीज वाचवायला झोपत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवरची खूण काढावी.

फार जुने नास आणि स्कॅनर मात्र वेगळ्या कारणाने अडतात. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ हा फाइली शेअर करण्याचा जुना प्रोटोकॉल मुळात बसवलेला येत नाही किंवा न वापरल्यास आपोआप निघून जातो, आणि विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत पासवर्डविना 'गेस्ट' प्रवेश बंद आहे व एसएमबी सायनिंग (प्रत्येक संदेशावरच्या डिजिटल सहीची पडताळणी) सक्तीचे आहे. संगणक अद्ययावत केल्याच्या दुसऱ्या दिवशी जुना नास गायब झाला, तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. एसएमबी १ परत चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नये: २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर याच प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून पसरले होते. नासचे फर्मवेअर (आतले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे, त्यावर प्रत्येकाला पासवर्डसह खाते द्यावे. तेही जमत नसेल तर नास बदलावा.

व्हीपीएन किंवा डळमळीत वाय-फायवरून काम करणाऱ्यांसाठी वर्डमध्ये एक चांगली सोय दडलेली आहे: फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, आणि तिथे 'सेव्ह' या गटात दूरच्या फाइलची प्रत आपल्या संगणकावर ठेवून सेव्हच्या वेळी मूळ फाइल अद्ययावत करण्याची खूण. ती लावावी. कोपऱ्यातल्या 'ऑटोसेव्ह'वर मात्र विसंबू नये. ते वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटवरच्या फाइलींसाठी आहे, साध्या फाइल सर्व्हरसाठी नाही. एकाच फाइलमध्ये दोघांनी एकाच वेळी लिहिण्याचेही तसेच. एक्सेलची जुनी 'शेअर्ड वर्कबुक' सोय त्यासाठी वापरू नये. फाइल फुगत जाते, कधी बिघडतेही. आणि जिथे दोन शाखांचे सर्व्हर डीएफएस रेप्लिकेशनने एकमेकांची नक्कल ठेवतात, तिथे एका सर्व्हरवरचा लॉक दुसऱ्याला कळतच नाही. दोघांचीही सेव्ह बिनतक्रार होते आणि शेवटी सेव्ह करणाऱ्याची प्रत टिकते. कोणताही संदेश न देणारा हा दोष या यादीत सर्वांत घातक.

एवढे करूनही कारण सापडत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून प्रोसेस मॉनिटर हे मोफत साधन घ्यावे. त्यात प्रोसेसचे नाव आणि फोल्डरचा पाथ यांची चाळणी लावून एकदाच सेव्ह करून पाहावे आणि 'रिझल्ट' स्तंभात 'सक्सेस' नसलेल्या ओळी वाचाव्यात. 'नेम नॉट फाउंड' बऱ्याचदा निरुपद्रवी असते. 'अॅक्सेस डिनाइड' दिसले तर परवानगी, 'शेअरिंग व्हायोलेशन' दिसले तर लॉक. त्याच ओळीत नेमकी कोणती फाइल आणि कोणते काम अडले तेही असते. नुसता आकडा दिसत असेल तर ५ म्हणजे परवानगी नाही, ३२ म्हणजे दुसऱ्याने धरलेली फाइल, ५३ म्हणजे सर्व्हरचा रस्ताच सापडला नाही, ६४ म्हणजे चालू जोडणी तुटली, ११२ म्हणजे जागा संपली.

हे सगळे देखभाल करणाऱ्यांचे काम झाले. ज्याच्या पडद्यावर संदेश आला आहे, त्याने त्या क्षणी वर्ड किंवा एक्सेल बंद करू नये. एफ१२ दाबून फाइल आपल्या संगणकावरच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये नव्या नावाने ठेवावी. सर्व्हरवरच 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम नवीन २' अशी पैदास करू नये. कोणती खरी ते आठवड्याने कोणालाच सांगता येत नाही. मग सर्व्हरवर मूळ फाइल जागेवर आहे का ते पाहावे. ती गायब असेल आणि शेजारी नुकत्याच वेळेची आठ अक्षरी फाइल किंवा '~डब्ल्यूआरएल'ची '.टीएमपी' दिसत असेल, तर ती कोणी 'कचरा' म्हणून पुसण्याआधी आपल्या संगणकावर कॉपी करावी, त्या प्रतीला 'एक्सएलएसएक्स' किंवा 'डीओसीएक्स' हे योग्य एक्स्टेन्शन द्यावे आणि उघडून पाहावी. पुष्कळदा सगळा मजकूर तिच्यातच असतो. ऑटोरिकव्हरची प्रत सर्व्हरवर शोधू नये, ती स्वतःच्या संगणकावर असते आणि मूळ सेटिंगप्रमाणे दर १० मिनिटांनी घेतली जाते. फाइल, इन्फो, 'मॅनेज डॉक्युमेंट'मधून ती मिळते.

तक्रार नोंदवताना 'सेव्ह होत नाही' एवढेच लिहू नये. संदेशाचे शब्द जसेच्या तसे, नेमकी वेळ, फाइलचा पूर्ण पाथ, संगणकाचे नाव आणि तीच फाइल शेजाऱ्याच्या संगणकावरून सेव्ह होते का, हे पाच तपशील द्यावेत. स्क्रीनशॉट काढताना खिडकीची वरची पट्टीही दिसू द्यावी. तिथे नावापुढे 'रीड-ओन्ली' लिहिलेले असेल, तर बहुधा फाइल उघडतानाच दुसऱ्या कोणाकडे तरी होती आणि शोध 'ओपन फाइल्स'च्या यादीपासूनच सुरू करता येतो.

आपले,
कार्यालयीन नेटवर्कची देखभाल करणारे काही वाचक